पांढरीपांडे लेन्स निवडतात

पांढरीपांडे पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले, तेव्हा चहा संपल्यावर त्यांनी कप उलटा करून त्याचं बूड तपासलं. मग बशीचं. मग उठून, ज्या खुर्चीवर बसले होते तिचं. पुढची पाळी आपली की काय, या भीतीनं माझा नवरा सोफ्यावरून हललाच नाही.

"मटेरियल ठीक आहे, वहिनी," ते म्हणाले, "फिनिशिंगमध्ये मार खाल्लाय."

हे कपाबद्दल होतं, खुर्चीबद्दल होतं की एकंदर आमच्या संसाराबद्दल, ते मी विचारलं नाही. नवऱ्याला कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही नुकतेच इंदूरहून भोपाळच्या टाउनशिपमध्ये आलो होतो, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याशी निदान पहिला महिना भांडायचं नाही असं मी ठरवलं होतं.

श्रीधर पांढरीपांडे मूळचे नागपूरचे. कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेल्या वस्तूसमोर उभं राहायचं आणि मान हलवायची, तीही आडवी. या कामाचा त्यांना पगार मिळे. पण घरी आल्यावरही मान थांबत नसे, आणि तो सगळा ओव्हरटाइम ते फुकट करत. शर्टाच्या खिशात पेन असावं तशी स्टीलची सहा इंची पट्टी कायम. भाजीवाल्याकडे ते भेंडी मोजत. कॉलनीतल्या सत्यनारायणाला गेले तर केळीचे खांब ओळंब्यात आहेत का, ते एक डोळा मिटून बघत आणि मग नमस्कार करत. आमच्या वरच्या मजल्यावर बाळ झालं तेव्हा सगळ्यांनी "बाबांवर गेलंय", "आजीवर गेलंय" वगैरे करून झाल्यावर पांढरीपांडे पाळण्यात वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मटेरियल उत्तम. फिनिशिंग व्हायचंय." बाळाच्या आईनं दोन महिने त्यांना नमस्कार केला नाही.

जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांच्यापुढे तीनच निकाल होते: पास, रिजेक्ट आणि होल्ड. पास झालेली वस्तू मी तरी पाहिली नाही. त्यांच्या पत्नी सुनंदाताई म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हा होल्डवर ठेवून गेले होते. पुढे काही कळवलंच नाही, तोवर लग्नाची तारीख आली."

भोपाळात त्यांचं आडनाव कुणाच्या तोंडात मावत नसे. सगळे आपले "पांडेजी, पांडेजी". ते प्रत्येकाला थांबवून सांगत, "पूरा बोलिए. पांढरीपांडे." समोरचा मान डोलावून म्हणे, "जी, पांडेजी." आडनाव अर्धं करणाऱ्या या शहरात त्यांनी आयुष्य काढलं आणि रोज तक्रार केली.

एकुलती एक मुलगी अनघा. हुशार, इंजिनिअर, पुण्यात बरी नोकरी. आणि एका दिवाळीला ती घरी आली ती नोकरी सोडूनच. म्हणाली, लग्नांचं शूटिंग करणार. फोटो, फिल्म, सगळं. भिंत सामाईक असल्यामुळे पुढचं मला घरबसल्या ऐकू आलं. पांढरीपांडे म्हणाले, "लोकांच्या लग्नात कॅमेरा घेऊन फिरणार? आणि जेवणार कुठे? बँडवाल्यांच्या पंगतीत?" अनघा म्हणाली, "ते लोक निदान जेवणाला नावं ठेवत नाहीत." त्याच आठवड्यात तिनं भोपाळातच शाहपुऱ्याला तळ्याजवळ वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. बाप-लेकींचं बोलणं बंद झालं. एकाच शहरात राहून या माणसांनी एकमेकांची पेपरात हरवल्याची जाहिरात द्यायचीच काय ती बाकी होती.

सुनंदाताई दर गुरुवारी शाहपुऱ्याला भजनाला जायच्या. भजनाला जाताना हातात पाचथरी डबा असायचा आणि येताना तो रिकामा असायचा. इतकं खाणारं भजनी मंडळ मी दुसरं पाहिलेलं नाही. पांढरीपांड्यांनी याबद्दल कधी एक अक्षर विचारलं नाही. फक्त गुरुवारी सकाळी ते स्वतः बाजारात जाऊन वांगी आणत, आणि भरली वांगी त्या घरात अनघाशिवाय कुणालाच आवडत नव्हती.

तर अशा माणसाला एका पावसाळ्याच्या शेवटी अल्ट्रा वाइड अँगल लेन्स हवीशी वाटली.

मला लेन्समधलं शून्य कळतं. त्यांनी समजावलं ते असं: साध्या लेन्समधून आपल्याला जेवढं दिसतं साधारण तेवढंच येतं. वाइडमधून जास्त येतं. अल्ट्रा वाइडमधून एवढं येतं की खोलीच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं तर उरलेले तिन्ही कोपरे, छताचा पंखा आणि स्वतःच्या चपलांचे अंगठे. "पण," ते बोट वर करून म्हणाले, "कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि सरळ रेषा फुगतात. सगळी परीक्षा तिथे आहे, वहिनी. रेष सरळ राहिली पाहिजे."

"पण भाऊजी, तुम्हाला एवढं सगळं एका फोटोत कशाला हवंय?"

"गरज आहे," ते म्हणाले आणि पट्टीनं नखातला मळ काढू लागले.

त्यांच्याकडे स्कूटर होती, पण दुकानातून तपासायला उसनी आणलेली लेन्स स्कूटरवरून नेणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. धक्के बसतात. आमच्याकडे गाडी होती, ती मी चालवायचे, आणि शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मला उद्योग नव्हता. त्यामुळे आमच्या शनिवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. महाराणा प्रताप नगरात कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या गर्दीत एक कॅमेऱ्याचं दुकान आहे. मालक लालवानी, चाळिशीतला, सोशिक. तो एक जुना कॅमेरा आणि त्यावर एका वेळी एक लेन्स आठवडाभर तपासायला द्यायचा. पुढच्या शनिवारी पांढरीपांडे ती परत करायचे.

"रिजेक्ट."

"क्यों, पांडेजी?"

"पूरा बोलिए. फूल रही है."

परीक्षेची पद्धत त्यांनी कारखान्यातून आणली होती. आमच्या क्वार्टरांच्या मागच्या रस्त्यापलीकडे टाउनशिपची लांबलचक विटांची भिंत आहे. प्लास्टर नाही, विटांच्या ओळी उघड्या, मधोमध बुडाशी पावसाच्या पाण्याची मोरी. रविवारी सकाळी पांढरीपांडे तिच्यासमोर तिपाई लावत, पाणसळ लावत, आणि भिंतीचे फोटो काढत. घरी येऊन ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर विटांच्या ओळीला पट्टी लावत. ओळ मध्यावर वर गेलेली असे. रिजेक्ट. नवी लेन्स, तीच भिंत, पुन्हा पट्टी, पुन्हा फुगवटा. त्यांच्याकडे त्या भिंतीचे इतके फोटो जमले की घरच्या माणसांचे त्याच्या निम्मे नसतील.

लालवानी वेगवेगळ्या कंपन्यांच्या लेन्स देऊन थकला. झूमवाल्या दिल्या, बिनझूमच्या दिल्या. एकीची पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली होती, तीही दिली. पांढरीपांडे प्रत्येकीला तेच प्रश्न विचारत, आणि प्रश्न मला विचित्र वाटत. या माणसानं उभ्या जन्मात कधी व्हिडिओ काढला नव्हता, पण विचारत होते, फोकस होताना मोटारीचा आवाज येतो का. लालवानी म्हणाला, "इतना हल्का आता है कि सुनाई नहीं देगा." तर म्हणे, "ढोल बजता रहेगा तब नहीं सुनाई देगा. मगर विदाई के टाइम सब चुप रहते हैं. तब?"

लालवानी माझ्याकडे बघू लागला. मी खांदे उडवले.

"और सामने के काच पे हल्दी लग गयी तो निकलती है क्या?"

"पांडेजी," लालवानीचा सोशिकपणा पहिल्यांदाच ढळला, "आप फोटो खींचेंगे या सब्ज़ी बनाएंगे?"

तो हसला, मीही हसले. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं. हळद. विदाई. नवरी नटते ती लहानशी खोली, जिथे भिंतीला पाठ लावली तरी नवरी आणि आरसा एका फोटोत मावत नाही. हे गाऱ्हाणं अनघानं सुनंदाताईंजवळ केलं होतं, आणि सुनंदाताईंनी ते कुणालाही न सांगता, म्हणजे तुळशीला पाणी घालताना मोठ्यानं, तीनदा म्हटलं होतं. मी ऐकलं होतं. तेव्हा पांढरीपांडे ओट्यावर बसून पेपर वाचत होते.

माझ्या तोंडाला कुलूप लागलं, ही गोष्ट माझ्या नवऱ्याला खरी वाटत नाही, पण लागलं. एवढंच झालं की त्या दिवसापासून मला फुगवट्याचा राग यायला लागला. तुळशीचं लग्न जवळ येत होतं. ते झालं की लग्नं सुरू, अनघाची कामं सुरू. आणि हा बाप हिंदुस्थानातल्या सगळ्या लेन्स नापास करत बसलेला. मनात एक शंकाही होती. लेन्स पास झाली तर त्यांना ती अनघाकडे नेऊन द्यावी लागेल. नापास होत राहिली तर पुढचा शनिवार आहेच.

शेवटी परत आलेल्या लेन्सांचे फोटो बघून लालवानीच म्हणाला, "एक बात बोलूँ? सब कंपनियाँ अलग, सब लेंस अलग, और फूलती सब एक ही जगह पर हैं. मोरी के ऊपर."

खरंच. प्रत्येक फोटोत फुगवटा भिंतीतल्या त्या पावसाच्या पाण्याच्या मोरीच्या वरच होता.

"मतलब क्या है आपका?" पांढरीपांड्यांचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. हातात सुतळीचा गुंडा.

"चला वहिनी. दोरी धरा. त्या लालवानीला सिद्धच करून दाखवतो."

मी गाऊनवर ओढणी टाकून भिंतीच्या एका टोकाला उभी राहिले, ते दुसऱ्या. दोन्ही टोकांना भिंतीपासून चार बोटं जागा सोडून आम्ही सुतळी ताणली. फिरायला निघालेली मंडळी थांबू लागली. "क्या नाप रहे हैं, दीदी?" मी म्हटलं, "पता नहीं, पांडेजी से पूछिए." झालं. दुपारपर्यंत टाउनशिपभर बातमी होती की भिंत पाडून रस्ता रुंद होणार आहे, आणि एक बाई भिंतीलगतचं आपलं पेरूचं झाड वाचवायला माझ्याकडे वशिला लावून गेली.

पण तेव्हा आम्ही दोघं सुतळीकडे बघत होतो. टोकांना चार बोटं असलेली जागा मधे जाता जाता कमी होत गेली, आणि मोरीपाशी सुतळी विटांना घासायला लागली. लेन्स सगळ्या सरळ होत्या. भिंतच पोट काढून उभी होती. साध्या डोळ्यांना लांबून ते कळत नव्हतं. लेन्स बिचाऱ्या जवळून जे होतं ते सांगत होत्या, आणि दर शनिवारी नापास होऊन परत जात होत्या.

मला इतकं हसू आलं की सुतळी हातातून सुटली. माझं हसू थांबलं ते पांढरीपांड्यांकडे बघून. ते मोरीशेजारच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसले होते.

"आधी मोजायचं गेज तपासायचं, मग माल," ते म्हणाले. "नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो मी. आणि मीच नाही तपासलं. भिंत आपली आहे, म्हणजे सरळच असणार, असं धरून चाललो."

"होतं असं, भाऊजी."

"नाही होत, वहिनी. मला नाही होत." मग सुतळी गुंडाळत म्हणाले, "ती दुसऱ्या आठवड्यातली होती ना, तीच बरी होती. वजनाला हलकी. दिवसभर हातात धरून राहावं लागते तिला."

"कुणाला?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण मला ते त्यांच्या तोंडून हवं होतं.

"अनघाला," ते म्हणाले. ते नाव मी त्यांच्या तोंडून कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी, शनिवार नसताना, आम्ही लेन्स घेतली. लालवानीनं पेढा मागवला. खोकं घेऊन पांढरीपांडे आमच्याकडे आले आणि ते खोकं आमच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "आता तुम्ही देऊन या. माझं नाव घेऊ नका. सांगा, तुम्हीच घेतली होती, तुम्हाला जड होऊन राहिली."

"भाऊजी, मी शाळेत शिकवते. पोरांचं खोटं पकडायचा पगार घेते. मला नाही जमणार."

"मग सुनंदा भजनाला जाते, तिच्या डब्याच्या पिशवीत..."

म्हणजे डबाही माहीत होता.

"तुम्ही स्वतः का नाही जात?" मी विचारलं.

पांढरीपांड्यांनी खोक्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "तिनं परत केली तर?" ते म्हणाले. "मी आयुष्यभर लोकांचा माल परत केला, वहिनी. समोरच्याचं तोंड कसं होते, मी रोज पाहिलंय. माझं तसं झालेलं सुनंदासमोर नको मला."

मला तेव्हा त्या माणसाची इतकी दया आली की मी ओरडलेच. म्हटलं, गुरुवारी तिघं जायचं, मी गाडी काढते, नाही म्हणालात तर तुमचे ते भिंतीचे सगळे फोटो क्लबच्या नोटीस बोर्डावर लावते.

गुरुवारी सुनंदाताई डबा घेऊन मागे बसल्या. पांढरीपांडे पुढे, मांडीवर खोकं. कुठे चाललोय हे कुणीच म्हणत नव्हतं. शाहपुऱ्याचं तळं आलं तशी मी वेग कमी केला आणि रस्ता विचारायला मागे वळणार, एवढ्यात शेजारून आवाज आला, "पुढची नाही, त्याच्या पुढची गल्ली. डावीकडे. दवाखान्याच्या भिंतीशी लावा, तिथे दुपारपर्यंत सावली राहते."

मी आरशात बघितलं. सुनंदाताई नवऱ्याच्या मानेकडे बघत होत्या.

"तुम्हाला कसं माहीत?" त्या म्हणाल्या.

"येतो कधी कधी," पांढरीपांडे म्हणाले. "स्कूटर घेऊन. बसतो जरा तळ्यापाशी. तिच्या खोलीतला दिवा दिसते तिथून."

सुनंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच रागावून म्हणाल्या, "आणि मी मेली उन्हात बस बदलत येत होते!"

अनघानं दार उघडलं. आईकडे बघून हसली, माझ्याकडे बघून आश्चर्यानं, आणि जिन्यात मागे उभ्या असलेल्या वडिलांना बघून नुसतीच उभी राहिली. खोली खरंच लहान होती. दिवे, तिपाया, वायरींची भेंडोळी, एक कपाट. पांढरीपांड्यांनी आत येऊन खोकं तिच्यापुढे धरलं आणि पाठ केलेलं बोलावं तसे सुरू झाले, "कोपऱ्यापर्यंत साफ येते. फोकसचा आवाज नाही. वजन हलकं आहे. हळद लागली तर एकदम फडकं नाही मारायचं, आधी ब्रश. पटली नाही तर तो परत घेणार आहे, मी बोलून ठेवलंय, त्याची काळजी नको."

अनघानं खोकं उघडलं. लेन्स हातात घेतली, उजेडाकडे धरून तिच्यातून बघितलं, तिच्यावरची फोकसची रिंग फिरवून बघितली. एका बाजूला सुनंदाताई डबा धरून, एका बाजूला मी श्वास धरून. पांढरीपांडे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्यांचा स्वतःचा चेहरा मला बघवत नव्हता.

तिनं टेबलावरचा कॅमेरा घेतला, जुनी लेन्स काढली आणि नवी लावली. कॅमेरा डोळ्याला लावून ती वडिलांकडे चालू लागली. ते मागे सरकले. ती पुढे आली. ते कपाटाला टेकले.

"मागे नका जाऊ, बाबा," ती म्हणाली. "लांबून काढायला ही नसते. हिला माणसाच्या अगदी जवळ जावं लागतं."

ती इतकी जवळ आली होती की दोघांच्या मधे फक्त कॅमेरा होता. पांढरीपांडे हात मांड्यांना चिकटवून उभे होते.

"हात कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं.

"कुठेही ठेवा."

त्यांनी एक हात उचलला, कॅमेऱ्याच्या वरून पलीकडे नेला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. तेवढ्यात बटण दाबलं गेलं.

फोटो हललेला होता. नाक भलतंच मोठं, मधे सगळी शर्टाची बाही. मला रडू येत होतं म्हणून मी तोंडाला येईल ते बोलले, म्हटलं, "पुसून टाक गं तो, दुसरा काढ."

"नाही, मावशी," अनघा म्हणाली. तिनं कॅमेरा खाली घेतला, पण डोकं होतं तिथेच ठेवलं. "हाच ठेवते."